तीनशे अठरा पाट्या

मोजणीच्या दिवशी माझे मोठे दीर दोनदा दाढी करायचे. एकदा सकाळी निघताना आणि एकदा दुपारी जेवण झाल्यावर. अर्धी घरं दुपारनंतरची असायची, आणि त्या घरांनी काय पाप केलंय, असा त्यांचा सवाल असायचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, काखेत निळ्या कापडी बांधणीची नोंदवही. एकतीस वर्षं त्यांनी आमच्या बंदराच्या मासेमारी बोटी मोजल्या. बंदर कार्यालयातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी मोजणीला त्यांनाच बोलावणं यायचं, कारण त्यांच्याइतकं चोख कोणी मोजत नाही अशी ख्याती होती.

मी त्यांना भाऊजी म्हणते. बंदरावर सगळे मोजणीमास्तर म्हणतात. मी शाळेत गणित शिकवते म्हणून ते मला मास्तरीण म्हणतात, आणि त्यात थट्टेपेक्षा आपण एकाच जातकुळीचे आहोत असा भाव जास्त असतो. जाऊबाई एकदा चिडून म्हणाल्या होत्या की देशाच्या बोटी राहू द्या, आपल्या घरात चमचे किती ते सांगा. भाऊजी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि परत येऊन शांतपणे म्हणाले, एकोणीस. विसावा तू गेल्या वर्षी भावाच्या डब्यात पाठवलास, तो आला नाही. जाऊबाईंनी त्यानंतर तो विषय काढला नाही.

मोजणीची रीत अशी. वर्षातून दोन महिने मासेमारी बंद असते. तेव्हा बोटी पाण्यातून ओढून काढतात. काही धक्क्यालगत, काही खाडीच्या चिखलात, काही सुतारांच्या आवारात. त्या वेळी प्रत्येक बोटीची नंबराची लाकडी पाटी काढून घरी आणतात, खरवडतात, नव्यानं रंगवतात आणि दाराशी वाळत ठेवतात. भाऊजी घरोघरी जाऊन त्या पाट्या मोजत. ज्या म्हाताऱ्या कारकुनानं त्यांना हे काम शिकवलं, तो सांगून गेला होता की बोटींमागे धावू नकोस, बोटी हलतात, पाट्या हलत नाहीत. भाऊजींनी ते मनावर कोरून घेतलं. एका वर्षी एक पाटी सापडेना, तर त्यांनी त्या घरातला कोंबड्यांचा खुराडा उचलून त्याचं झाकण उलटं करून पाहिलं. झाकण म्हणजेच ती पाटी होती. तिच्यावर नंबर पुन्हा रंगवून घेईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

आमच्या घरीही एक पाटी आहे. होती, असं म्हणायला हवं. माझ्या नवऱ्याच्या बोटीची. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी, आजारपणात, त्यांनी बोट समुद्रापलीकडच्या देशातल्या एका माणसाला विकली. विक्रीचा कागद जकातीच्या खिडकीवर दिला, तिथं शिक्का बसला, झालं. पाटी मात्र ठेवून घेतली. वीस वर्षांपूर्वी सरकारनं नवे नंबर देणं बंद केलं होतं. जुना नंबर हातात असेल तरच माणूस पुढंमागं नवी बोट काढू शकतो. तो नंबर मुलासाठी राहावा ही त्यांची इच्छा. म्हणून मी दर वर्षी पाटी रंगवायचे, दाराशी ठेवायचे, भाऊजी यायचे, चहा घ्यायचे आणि वहीत खूण करायचे. आपल्या सख्ख्या भावाची बोट विकली गेलीय हे त्यांना ठाऊक होतं. पण मोजायची पाटी होती आणि पाटी समोर होती. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एक आपलीच तर आहे, असं मनाशी म्हणायचे.

गेल्या वर्षी पलीकडच्या देशाशी आमच्या देशाचा करार झाला. मधला समुद्र दोघांचा, मासळी कमी होत चाललेली, आणि दोघंही दोष एकमेकांवर ढकलणारे. ठरलं असं की तीस वर्षांपूर्वी कोणाच्या किती बोटी होत्या आणि आज किती आहेत, याचा तक्ता करायचा. ज्याच्या वाढल्या त्यानं वाढलेल्या तेवढ्या तोडायच्या. आणि तोडायच्या त्या चालत्या बोटी, डिझेल उचलणाऱ्या. नुसत्या पडून असलेल्या नव्हेत. त्या समुद्रावर आमच्या देशाचं बंदर एकच, आमचं, त्यामुळे आमच्या बाजूचा तक्ता अर्थातच भाऊजींच्या वह्यांवरून होणार होता. त्यांच्या एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून स्वच्छ प्रत करायला त्यांनी मला सांगितलं. मला अभिमान वाटला. दोन रविवार बसून मी एकतीस वर्षांचे आकडे उतरवले. तीस वर्षांपूर्वी आमच्या दोनशे चाळीस, त्यांच्या तीनशे ऐंशी. आज आमच्या तीनशे अठरा, त्यांच्या चारशे दोन. खाली भाऊजींनी सही केली आणि सहीवरची शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसले.

महिन्याभरात आमच्या अठ्ठ्याहत्तर बोटी तोडायचा हुकूम निघाला. यादी डिझेलच्या वहीवरून, जुन्यात जुनी बोट आधी. चौदाव्या ओळीत ती बोट होती जिच्यावर माझा मुलगा तांडेल आहे, म्हणजे जिचं सुकाणू त्याच्या हाती असतं.

मुलानं मला कागद दाखवला तेव्हा तो रागावलेला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. तो म्हणाला की पलीकडं तांडेल हवे आहेत, त्याच्याबरोबरचे दोघं आधीच गेले, तोही बोट तुटायच्या आत जाऊन बघून येईल. बघून येईल म्हणजे काय ते मला कळतं. बघून येतो म्हणून गेलेली मुलं फोटो पाठवतात. आणि ही वाट मी स्वतःच्या वळणदार अक्षरात त्याला काढून दिली होती.

त्या आठवड्यात पलीकडच्या देशाची सविस्तर यादी कार्यालयात आली. भाऊजींनी ती माझ्याकडे आणून दिली. मुलाची बोट वाचवायला काही फट सापडते का पाहा, त्यांच्या बोटी जास्त निघाल्या तर आपल्याला बोलता येईल, असं त्यांचं म्हणणं. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत ती यादी घेऊन बसले. त्यांची पद्धत वेगळी होती. प्रत्येक बोटीची लांबी, इंजिनचा नंबर, बांधणीचं वर्ष आणि बांधणीची जागा. पहिल्या पानावर बांधणीच्या जागेत आमच्या बंदराचं नाव होतं. मला वाटलं, छपाईची चूक. खाली पुन्हा होतं. दुसऱ्या पानावर सात वेळा होतं. तिसऱ्या पानावर मला माझ्या नवऱ्याच्या बोटीचं इंजिन भेटलं.

तो नंबर मला पाठ आहे. ते आजारी असताना सुट्या भागांसाठी दुकानात तो मीच सांगायचे. मी बोटानं तो पुन्हा वाचला. 

मग यादीबरोबर भाऊजींनी दिलेली आमची मूळ नोंद मी काढली, जिच्यात पाटीच्या नंबरापुढं इंजिनचा नंबर असतो, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून पेन्सिलनं खुणा करायला लागले. शिपाई दोनदा दार लावायला येऊन गेला. तिसऱ्यांदा तो किल्ली माझ्याजवळच ठेवून गेला. शेवटी खुणा मोजल्या, एकशे बारा. एकशे बारा बोटी आमच्या तक्त्यातही होत्या आणि त्यांच्याही. त्याच बोटी. दोन देश एकमेकांना तुझ्या जास्त, तुझ्या जास्त म्हणत होते आणि तीच बोट दोन्ही रकान्यांत उभी होती.

त्याहून मोठा धक्का माझ्याच हाताखाली होता. मी माझा तक्ता परत पाहिला. तीनशे अठरा. त्याच्या आदल्या वर्षी तीनशे अठरा. त्याच्या आदल्या वर्षीही. एकोणीस वर्षं सलग तीनशे अठरा. मी ते उतरवलं तेव्हा मनात म्हटलं होतं की भाऊजींचं काम किती बिनचूक. माझ्या वर्गातल्या मुलानं पावसाचे किंवा हजेरीचे असे आकडे आणले असते तर मी त्याचा कान धरला असता. समुद्रावर जाणारी गोष्ट एकोणीस वर्षं एकानंही कमीजास्त होत नाही, हे मी, गणिताची पदवी घेतलेली बाई, सुवाच्य अक्षरात लिहून मोकळी झाले होते.

संध्याकाळी मी भाऊजींकडे गेले. ते अंगणात बसून चपलेचा अंगठा शिवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरी येऊन परक्या भाषेत बोलतेय.

"मला पाट्या मोजायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी पाट्या मोजल्या. एकही चुकलेली नाही."

"पाट्या बरोबरच आहेत, भाऊजी. बोटी नाहीत."

जाऊबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता टोमणा येणार. त्या आत जाऊन भाऊजींसाठी पाणी घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भाऊजी माझ्या दाराशी हजर. दाढी केलेली नव्हती. म्हणाले, चल मास्तरीण, बोटी बघू. मासेमारी बंदच होती, म्हणजे सगळ्या बोटी किनाऱ्यावर असणार. धक्क्यापासून सुरुवात केली. प्रत्येक बोटीजवळ जाऊन ते तिच्या फळीवर तळहात ठेवायचे आणि आकडा उच्चारायचे, मी लिहायचे. धक्क्यावर चौसष्ट झाल्या. बाकीच्या खाड्यांत असतील, असं ते म्हणाले. पहिल्या खाडीपर्यंत बसनं गेलो, तिथं एकतीस. सुतारांच्या आवारात सत्तावीस. शेवटच्या खाडीला रस्ता नाही, चिखलाच्या कडेनं पाऊण तास चालावं लागलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, चपला हातात घेऊन चालला होता. तिथं पाच बोटी होत्या आणि एक म्हातारा सुतार फळीला डांबर लावत बसला होता.

त्यानं भाऊजींना ओळखलं. म्हणाला, "मास्तर, तुम्ही इकडं पहिल्यांदाच आलात. तुमची मोजणी तिकडं घरांतच असते ना."

भाऊजींनी विचारलं की इथं पूर्वी किती असायच्या. तो म्हणाला, चाळीसेक. काही पलीकडं गेल्या, काहींची लाकडं झाली. त्यात नवल वाटण्यासारखं काही आहे असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्याला ते माहीत होतं. ज्या घरानं बोट विकली त्या घराला माहीत होतं. प्रत्येकाला आपली एक माहीत होती, आणि ती एकच असेल असं प्रत्येकाला वाटत होतं, जसं मला वाटत होतं. डिझेलची वही कार्यालयात एका खोलीत, पाट्यांची दुसऱ्या खोलीत. दोन्ही कधी एका टेबलावर आल्या नव्हत्या. सगळ्यांची बेरीज करणारा माणूस एकच होता आणि तो पाट्यांची करत होता.

एकशे सत्तावीस. भाऊजींनी वही माझ्याकडून घेतली, स्वतः बेरीज केली, मग खालून वर केली. तेवढीच आली. ते खाडीच्या पाण्याकडं वळले आणि गर्दीत मूल हरवलेल्या माणसासारखं मला विचारलं, "आणखी कुठं असतील?"

मी वहीत वजाबाकी मांडली. तीनशे अठरामधून अठ्ठ्याहत्तर तोडणं वेगळं. एकशे सत्तावीसमधून अठ्ठ्याहत्तर तोडल्या तर एकोणपन्नास उरतात. आम्ही स्वतःच्या सहीनं आमचं बंदर तोडायला दिलं होतं.

बंदर कार्यालयाच्या साहेबांना भेटलो तेव्हा ते म्हणाले की नुसत्या तोंडी मोजणीवर करार फिरत नाही, आणि इंजिनच्या नंबरांवरही नाही, इंजिन तर एका बोटीतून काढून दुसरीत बसवतात. बोटीविना पाट्या आहेत हे सिद्ध करायचं तर पाट्या जमा व्हायला हव्यात, मालकांच्या सहीसकट. आणि जमा झालेला नंबर कायमचा गेला, पुन्हा मिळणार नाही. मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये सभा बोलावू, बघा कोण देतं ते.

सभेच्या आदल्या दिवशी मी मुलाला सांगितलं की आपली पाटी मी देणार आहे. तो पहिल्यांदाच भडकला. ती बाबांची आहे, म्हणजे माझी आहे, तुला कोणी विचारलं, असं म्हणाला. मग हळू आवाजात म्हणाला की आज दुसऱ्याची बोट चालवतोय, पण कधी तरी आपली काढीन म्हणून चालवतोय. पाटी गेली की आयुष्यभर दुसऱ्याचीच. खरं होतं ते. पाटी ठेवली तर त्याची आजची बोट जाणार आणि तो पलीकडं जाणार. दिली तर त्याची उद्याची बोट जाणार. मी आई म्हणून यातलं काय निवडलं हे त्याला सांगायची मला लाज वाटली. मी त्याला निवडलं होतं, इथं, डोळ्यांसमोर.

शेडमध्ये दीडेकशे माणसं होती, बायकाही होत्या. भाऊजी उभे राहिले. त्यांना भाषणाची सवय नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की एकोणीस वर्षं मी चुकीचा आकडा दिला, तुमच्या अठ्ठ्याहत्तर बोटी माझ्या सहीनं तुटतायत, ज्यांच्याकडे पाटी आहे पण बोट नाही त्यांनी पुढं यावं. मागून कोणीतरी म्हणालं, मास्तर, ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं करून घ्यायचं होतं. लोक हसले. भाऊजी हसले नाहीत, बसलेही नाहीत. हसणं विरलं आणि मग शेडमध्ये जो तो आपल्या पायाची बोटं बघत राहिला.

मी कापडी पिशवीतून पाटी काढली. दोन हात लांबीची, निळ्यावर पांढरा नंबर, रंग अजून थोडा चिकट. साहेबांच्या टेबलापर्यंत वीस पावलं असतील.  पाटी ठेवली, सही केली, आणि वळले तेव्हा मुलाची जागा रिकामी होती. तो उठून गेला होता.

माझ्यामागून तिसऱ्या गल्लीतली एक म्हातारी उठली. म्हणाली, आमची बोट तर चौदा वर्षांपूर्वी चुलीत गेली, पाटी घरी आहे, कोणी पोरगं पाठवा, मला उचलत नाही. मग एक जण उठला. मग चौघं.  ज्यांच्या अंगणात मी वर्षानुवर्षं जातेय, ज्यांची मुलं माझ्या हाताखालून शिकली, ती माणसं सायकलवरून, डोक्यावरून, काखेतून पाट्या आणत होती आणि एकमेकांकडं अशी बघत होती की अरे, तूसुद्धा? साहेब पाणी प्याले. परत प्याले. भाऊजी टेबलाशी उभं राहून प्रत्येक पाटीवर खूण करत होते. संध्याकाळपर्यंत एकशे अठ्ठावन्न जमल्या. एकशे एक्याण्णव यायला हव्या होत्या. तेहतीस घरं गप्प राहिली. भाऊजींना ती सगळी घरं नावानिशी माहीत होती. त्यांनी नावं घेतली नाहीत. साहेबांना म्हणाले, एवढ्यात भागेल.

भागलं. तीनशे अठरातून एकशे अठ्ठावन्न गेल्या, उरल्या एकशे साठ. दोनशे चाळीसच्या कितीतरी खाली. चार महिने कागद इकडून तिकडं फिरले आणि तोडायची यादी रद्द झाली. भाऊजींकडून लेखी खुलासा मागवला, मोजणीचं काम काढून घेतलं. पुढची मोजणी म्हणे आकाशातून, यंत्रानं होणार आहे.

मुलगा तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलला. पलीकडं गेला नाही, पण जाणार नाही असंही म्हणाला नाही. एकदा जेवताना नवा तक्ता मागून घेतला आणि बराच वेळ पाहिला. तीस वर्षांपूर्वी दोन्ही देशांच्या मिळून सहाशे वीस बोटी. कालपर्यंतच्या कागदावर सातशे वीस. पाण्यावर खरोखरच्या पाचशे एकोणतीस, आणि त्यांतल्या त्यांच्या आकड्यात एकशे बारा मूळच्या आमच्या. तो म्हणाला, "आई, म्हणजे दोघंही कमीच होत होतो. आणि भांडत होतो मोठा कोण म्हणून." मी म्हटलं, हो. त्यानं कागद घडी घालून परत दिला आणि भात घेतला.

भाऊजींना आता कोणी मोजायला सांगत नाही. तरी ते रोज धक्क्यावर जातात. परवा सुट्टी होती म्हणून मीही गेले. सकाळच्या बोटी परतत होत्या. ते प्रत्येकीच्या फळीला हात लावत आणि जवळच्या चिठ्ठीवर रेघ ओढत. अकरा वाजले, साडेअकरा झाले, मुलाची बोट दिसेना. इंजिन गरम झालं असेल, जाळं अडकलं असेल, शेजारचे सांगत होते. मी भाऊजींना म्हटलं, तिची रेघ ओढून टाका, बाहेर आहे ती, माहीत आहे आपल्याला. माझ्या तोंडून ते का निघालं कोणास ठाऊक. बहुतेक ती कागदावर तरी असावी म्हणून.

भाऊजींनी मान हलवली. म्हणाले, "नाही, मास्तरीण. हात लागल्याशिवाय नाही."

मग आम्ही दोघं बर्फाच्या रिकाम्या पेट्यांवर बसलो. पेन्सिल त्यांच्या हातात तशीच होती. एकच्या सुमाराला बोट आली. मुलानं दोर फेकला, मला तिथं बसलेली पाहून कपाळाला आठी घातली. भाऊजी उठले, पाण्याच्या कडेला वाकले, आणि त्यांचा हात पोचेना तेव्हा मुलानंच बोट आणखी थोडी जवळ घेतली.